पान नऊवरचं दार

पुणे,
२५ जुलै २०२५

प्रिय मनकर्णावहिनी,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. तुमच्या फोनवर काही लिहावं तर ते आधी आदिनाथदादा वाचतो, मग दूध घालायला गेला की डेअरीवर सगळ्यांना वाचून दाखवतो, आणि तुमच्यापर्यंत येईतो त्याची बातमी झालेली असते. म्हणून ही जुनी वाट धरली.

सोबतच्या खोक्यात माझ्या नव्या पुस्तकाच्या दहा प्रती आहेत. नाव आहे 'मनीची नाडी'. वय पाच ते आठ, चोवीस पानं, सगळी रंगीत. गेल्या दिवाळीत करंज्या भरताना तुम्ही मोनिकाची शाळेतली फजिती सांगितली होती, आठवतं? डास चावतात म्हणून फ्रॉकखाली तुम्ही तिला नाडीची सुरवार घातली होती, नाडीला निरगाठ बसली, ती सुटता सुटेना आणि शेवटी व्हरांड्यातच तळं झालं. तुम्ही तर उठून तिची चालसुद्धा करून दाखवलीत. आम्ही सगळे पोट धरून हसत होतो आणि मी मनात म्हणत होते, हे पुस्तक आहे.

मुलांचे रोजचे छोटे छोटे लढे हा माझा विषय. 'शेंबडू आणि रुमाल' झालं, उवांवरचं 'केसांतली वरात' झालं, कारल्यावरचं तर तीनदा छापावं लागलं. नाडी मात्र राहून गेली होती.

मोनिकाचं नाव अर्थातच बदललं आहे. चित्रकाराला संदर्भ म्हणून घरचे आणि शाळेचे थोडे फोटो दिले होते, त्याने कमाल केली आहे. पान नऊवर शाळेच्या संडासाचं दार बघा, निळं, त्यावर सूर्यफुलं, सताड उघडं, आणि बाहेर मनी नाडीशी झटते आहे. पान अकरावरच्या तळ्यात त्याने मासे सोडलेत. शेवटी आई नाडी काढून इलॅस्टिक घालते आणि सगळी शाळा हसते, मनीसुद्धा.

मोनिका काय म्हणाली ते सविस्तर कळवा. तिचे शब्द जसेच्या तसे लिहा, मला पुढच्या महिन्यात एका कार्यक्रमात सांगायचे आहेत.

तुमची,
ज्ञानेश्वरी


निंबोणी वस्ती, सोनई,
१ ऑगस्ट २०२५

वन्सं,

नमस्कार. बारावीला मराठीत चांगले मार्क हुते मला, पन शुद्ध लिहायला गेले का मनातलं मनातच राहतं. म्हनून बोलते तसंच लिहिते. तुमी लेखिका हायेत, दुरुस्त करून वाचा.

खोकं नागपंचमीला आलं. मी पुरन वाटीत हुते, तवर ह्यांनी खोकं फोडून वाटप सुरू बी केलं. एक डेअरीवर गेलं, एक शाळंत बिभीषण गुरुजींना, एक उपसरपंच अजिनाथभाऊंना, बाकीची वस्तीवर दारोदार. पोरगी झाली तवा एवढे पेढे वाटले न्हवते. घरात एकच उरलंय.

तुमी नाव बदललं, त्ये बरं केलं. मोनीची मनी झाली. बाकी मातर हाय तसंच हाय. कपाळावरची खोक तीच, दोन लाल रिबिनी त्याच, एका शिंगाची गाय आमचीच, पत्र्यावरचा भोपळ्याचा येल बी आमचाच. लंकाबाई शाळंत खिचडी शिजवती, तिला अक्षर येत न्हाई, तिनं नुसती चित्रं बघून सांगितलं का ही आदिनाथची पोरगी. आन मला तुमी हातात लाटनं देऊन उभी केली. पोरीच्या मागं लाटनं घेऊन पळायला मला येळ कुठं हाय? पोट बी जरा जास्तच काढलंय, पन त्ये जाऊ द्या.

तुमाला मोनीचे शब्द पायजे हुते. तिनं पुस्तक उंबऱ्यात बसून वाचलं. पान नऊवर लई येळ थांबली. मंग मला म्हनली, "आई, हे कुनाकुनाला म्हाईत हाय?" मी म्हनले, कुनालाच न्हाई. तेवढ्यात हे डेअरीवरून आले आन अंगनातूनच हाक मारली, "कुठं हाय आमची नाडी?" तिनं पुस्तक मिटून पाठीमागं लपवलं. तुमच्या कार्यक्रमाला पुरेल का बघा.

शाळंत पोरं आता तिला नाडीच म्हनत्यात. हजेरी घेताना गुरुजी तिच्या नावाला आले का मागून कुनीतरी बोलतं आन वर्ग हसतो. गुरुजी बी हसत्यात म्हने.

वन्सं, माझं बी चुकलं. चाल मीच करून दाखवली, आन तुमी हसले म्हनून परत एकदा दाखवली. पन माझं हसनं करंज्या तळून झाल्या तवा संपलं हुतं. तुमचं छापून आलं. आता एक करा. ह्यांना फोन लावा आन सांगा का पुस्तक गावात मिरवू नका. माझं ऐकत न्हाईत, म्हनत्यात तुला पुस्तकातलं काय कळतं. तुमचं ऐकतील.

तुमची वहिनी,
मनकर्णा


पुणे,
५ ऑगस्ट २०२५

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. लाटण्याबद्दल चित्रकाराशी बोलते. पोटाबद्दल नाही बोलत, उगाच विषय वाढतो.

तुमचं पत्र वाचून क्षणभर वाईट वाटलं, पण मग मी शांतपणे विचार केला. वहिनी, मुलं एकमेकांना चिडवतात ते दोन दिवस. भीतीवर हसलं की भीती जाते, हे आमच्या क्षेत्रात सगळे मानतात. परवाच कोथरूडच्या एक बाई भेटल्या, त्यांच्या मुलाला शर्टाच्या बटणांची भीती होती. हे पुस्तक वाचून तो इतका हसला की त्या रडल्या. म्हणाल्या, तुम्ही आमच्या घरात डोकावून लिहिता का. असं कुणी म्हटलं की लिहिल्याचं चीज होतं.

दादाला फोन करायचा म्हणत होते, तोच त्याचा आला. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर शाळेत मोनिकाचा सत्कार ठरला आहे, अजिनाथभाऊंनीच पुढाकार घेतला म्हणे. इतका खुशीत होता की त्याला नको कसं म्हणू? आणि खरं सांगू का, मला आवडलंच. जिच्यावर पुस्तक निघालं त्या मुलीचा गावाने सत्कार करावा, हे पुण्यात होणार नाही. मोनिकाची कळी खुलेल बघा.

मला यायला जमणार नाही. त्याच दिवशी इथे पालकांसाठी माझी कार्यशाळा आहे, 'बालमनाचे हळवे कोपरे'. तिकिटं संपली आहेत.

दादाची राखी सोबत आहे. पौर्णिमेला उशीर झाला तर तो समजून घेईल. मोनिकाचा सत्काराचा फोटो मात्र नक्की पाठवा, हातात पुस्तक धरलेला.

तुमची,
ज्ञानेश्वरी


निंबोणी वस्ती,
१८ ऑगस्ट २०२५

वन्सं,

फोटो पाठवीत न्हाई. फ्लेक्स केवढा हुता त्ये मीच सांगते, मंग तुमाला फोटोची गरज पडनार न्हाई.

दहा बाय बारा. शाळंच्या फाटकावर. वर मोठ्या अक्षरात, "'मनीची नाडी' फेम कु. मोनिकाताई आदिनाथराव यांचा भव्य नागरी सत्कार". मधी मोनीचा आधारकार्डावरचा फोटो, त्याला फ्लेक्सवाल्यानं कानात झुमके घातलेत. तिच्या भोवतीनं नऊ पुढारी, सगळे हात जोडून. अजिनाथभाऊ सगळ्यात मोठे, मोनीच्या दुप्पट. आन खाली कोपऱ्यात तुमच्या पुस्तकातलं तळं, माशांसकट.

अजिनाथभाऊंनी भाषन केलं. म्हनले, आजवर सोनईच्या पलीकडं आपल्या वस्तीचं नाव कुनाला ठाऊक न्हवतं, ह्या पोरीच्या नाडीनं त्ये पुन्यात नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे पहिल्या खुर्चीत, तुमची राखी बांधून. मंग गुरुजींनी पुस्तकाचं नाटक बसवलं हुतं. चौथीतली एक पोरगी मनी झाली. गुरुजी माइकवर इचारायचे, "मने, सुटली का नाडी?" आन सगळी शाळा वरडायची, "न्हाई." तीन डाव इचारलं. शेवटाला मागून एका पोरानं तांब्याभर पानी ओतलं, सिमेंटवर तळं झालं आन बायाबापे हसून लोळायचे राहिले.

माझी पोरगी शेजारीच उभी हुती. शाल पार पायापर्यंत, हातात नारळ. ती त्या पान्याकडं बघत हुती. मी पुढं गेले आन तिला खाली आनलं तर लोक म्हनले, आईला भरून आलं.

पुस्तक आलं तवापास्नंच ती सकाळी पानी कमी प्यायची, त्या दिवसापास्नं पार बंद. बाटली भरून नेती आन तशीच भरलेली आनती. मी वरडले, तर म्हनती तहान न्हाई. शनवारी रात्री ताप भरला. काल सोनईला डॉक्टरकडं नेली. लघवी तपासली, इन्फेक्शन झालंय. डॉक्टरीनबाई मलाच बोलल्या, म्हनल्या, एवढ्या पोरीला तहान मारायला कुनी शिकवलं? मी काय सांगू? नागरी सत्कारानं म्हनू?

एक मातर मला कळंना. इलास्टिक मी तिला गेल्या साली त्याच दिवशी घातलं, त्याच्यासाठी मला पुस्तक वाचायची गरज पडली न्हाई. मंग आता नाडीच न्हाई तर ही घाबरती कशाला? इचारलं तर भिंतीकडं तोंड करून झोपती.

तुमच्या पुस्तकात चोवीस पानं हायेत. आमच्याकडं पंचविसावं चाललंय.

मनकर्णा


पुणे,
२२ ऑगस्ट २०२५

प्रिय वहिनी,

पत्र वाचून फार अस्वस्थ झाले. सत्काराचं असं होईल असं कुणाला वाटलं असतं? माझ्या पुस्तकात तांब्याने पाणी ओतायचं कुठेही लिहिलेलं नाही. नाटक बसवण्यापूर्वी गुरुजींनी परवानगीही घेतली नाही, तो मुद्दा वेगळाच.

सोबत मोनिकासाठी एक बाटली पाठवते. तिच्यावर खुणा आहेत, दर तासाला किती पाणी प्यायचं त्याच्या. बाटलीबरोबर एक तक्ता पण आहे, भिंतीवर लावा. पाणी प्यायली की एक चांदणी चिकटवायची. दहा चांदण्या झाल्या की तिच्या आवडीचा खाऊ. माझ्या ओळखीच्या समुपदेशक बाई म्हणतात, रागवायचं नाही, खेळ करायचा.

खरं म्हणजे मुलांनी पाणी न पिणं हा सुद्धा रोजचाच लढा आहे, माझ्या कसं लक्षात आलं नाही. प्रकाशकांना सहज बोलले तर ते एकदम खूश. म्हणाले, लगेच दुसरा भाग करू. 'मनी पाणी पिते'. पहिल्या भागाची नवी आवृत्ती सप्टेंबरात निघते आहे, तिच्या पाठीवरच जाहिरात टाकता येईल. मोनिकाला सांगा, तिला नक्की हुरूप येईल.

तब्येत कळवा.

तुमची,
ज्ञानेश्वरी


निंबोणी वस्ती,
२९ ऑगस्ट २०२५

वन्सं,

ताप उतरलाय. तक्ता भिंतीवर लावला, चांदनी एक बी लागली न्हाई. तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. 'मनी पाणी पिते' आलं आन ती उठली, दप्तरातली वही काढली आन बाहेर जाऊन लिहीत बसली. लिहून झाल्यावर मला वाचायला दिलं. मी वाचलं आन तशीच लंकाबाईकडं गेले. लंकाबाई म्हनली, खरं हाय, मला म्हाईत हुतं, मला वाटलं तुमाला बी असंल. मोनीचं पत्र तसंच पाठवते.

मनकर्णा

*

प्रिय आत्या,

तुझ्या पुस्तकात चुका आहेत. त्या खालीलप्रमाणे.

पान सहा. मनीला गाठ सोडता येत नाही असं लिहिलंय. मला येते. सुरगाठ पण येते आणि निरगाठ दाताने सोडता येते. दुसरीत असताना पण येत होती. त्या दिवशी नाडी सुटत होती.

पान नऊ. संडासचं दार उघडं काढलंय. ते उघडं नसतं. त्याला कुलूप असतं. सूर्यफुलं बरोबर आहेत. किल्ली गुरुजींच्या कपाटात ढालीच्या मागे असते. आपल्या शाळेला स्वच्छ शाळेची ढाल मिळाली आहे. वापरलं की घाण होतं म्हणून ते फक्त तपासणीला उघडतात. मुलगे बांधाला जातात. मुलींनी घरी जाऊन यायचं असतं. माझं घर लांब आहे. मी दारापाशी उभी राहिले आणि किल्ली मागायला गेले तर गुरुजी म्हणाले, सुट्टी होईपर्यंत दम धर. मी धरला होता.

मग गुरुजी म्हणाले, घरी सांगू नको. बाहेर कळलं तर ढाल जाईल आणि जिच्यामुळे गेली तिचं नाव मी फळ्यावर लिहीन. म्हणून मी आईला नाडीचं सांगितलं.

पान तेवीस. मनी पण हसते असं लिहिलंय. ते चूक आहे.

मला मनी पाणी पिते नको.

तुझी भाची,
मोनिका, इयत्ता तिसरी


पुणे,
३ सप्टेंबर २०२५

प्रिय वहिनी,

काय लिहू ते समजत नाही. मोनिकाचं पत्र मी प्रकाशकांना वाचून दाखवलं. तेही हळहळले. पान नऊ बदला म्हणाले मी, तिथे दाराला कुलूप दाखवा. ते म्हणाले, ताई, नाडी हसवते, कुलूप हसवत नाही, मग पालक घेणार नाहीत. शिवाय नवी आवृत्ती छपाईला गेली आहे, पाच हजार प्रती. मी प्रयत्न सोडलेला नाही.

तुम्ही मात्र गप्प बसू नका. हा हक्काचा प्रश्न आहे. पंचायत समितीला निवेदन द्या, वस्तीवरच्या बायकांच्या सह्या घ्या. मसुदा सोबत जोडला आहे, भाषा जरा कडक ठेवली आहे. वरच्या कार्यालयांनाही प्रती पाठवा. एकदा कागद फिरला की यंत्रणा हलते.

मोनिकाला सांगा, आत्याला तिच्या धाडसाचं फार कौतुक वाटलं. आणि तिचं अक्षर किती सुधारलंय.

माझा हेतू चांगला होता, हे तुम्हाला माहीत आहे.

तुमची,
ज्ञानेश्वरी


निंबोणी वस्ती,
२० सप्टेंबर २०२५

वन्सं,

तुमचा मसुदा वाचला. भाषा लई कडक हाय, मला दोन शब्दांचा अर्थ लागला न्हाई. पुन्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला सोपं असतं. हितं सही मागायला ज्या बाईकडं जावं, तिचा नवरा फ्लेक्सवरच्या नऊतला एक निघतो.

आधी ह्यांना सांगितलं. दोन घास जेवले आन ताट सरकवलं. मंग म्हनले, "त्यांनी आपल्या पोरीचा सत्कार केलाय, आता त्यांच्याच तोंडावर कसं बोलू?" मी म्हनले, नका बोलू. गुरुजींकडं गेले तर म्हनले, पंधरा तारखेला तपासनी हाय, तेवढी होऊ द्या. मी म्हनले, पोरींना बी तसंच सांगू का, पंधरा तारखेपतोर होऊ द्या? त्यांनी हजेरीवही उघडून तिच्यात तोंड घातलं.

तुमाला म्हाईतच हाय, कार्यक्रम झाला का फ्लेक्स कांद्याच्या चाळीवर जातो. पावसाळ्यात एवढं मोठं प्लास्टिक कुनाला नको असतं? तिघं टपून हुते. मी म्हनले, माझ्या पोरीचा फोटो हाय, फ्लेक्स माझा. कुनाला न्हाई म्हनता येईना. घरी आनला, पयला मोनीचा फोटो कातरीनं कापून घेतला आन त्या भोकाला पेंडीच्या पोत्याचं ठिगळ लावलं. बाराच्या सुट्टीत लंकाबाई आन मी चार बांबू घेऊन गेलो. शाळंच्या फाटकाला लागून, रस्त्याच्या कडंला, चारी बाजूंनी फ्लेक्स गुंडाळला. आत दोन फरश्या टाकल्या आन पान्याची बादली ठेवली. पोरींसाठी मुतारी झाली. छापलेली बाजू बाहेरून.

डेअरीचा रस्ता तिथूनच जातो. येनारा जानारा बघायचा तर भव्य नागरी सत्कार, नऊ पुढारी हात जोडून उभे, आन पोरी रांगंनं आत चालल्यात. अजिनाथभाऊंचा चेहरा नेमका दारावर आला, त्यात माझा काय दोष न्हाई, बांबू तिथंच बसत हुता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ मोटारसायकलवर आले.

"वहिनी, हे काय लावलं?"

"आडोसा."

"अहो, माझं तोंड हाय त्याच्यावर."

"व्हय. तुमी या म्हनता, पोरी येत्यात."

"काढा त्ये. परवा तपासनीवाले यायचेत, लोक हसाय लागलेत."

मी म्हनले, "भाऊ, हसल्यानं भीती जाती म्हने. आमच्या वन्सं तर त्याची पुस्तकं काढत्यात."

लई चिडले. ह्यांना फोन लावला. हे आले, एकदा फ्लेक्सकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मला वाटलं आता मलाच बोलत्यात. हे म्हनले, "भाऊ, कुलूप काढा, मंग फ्लेक्स काढू." एवढंच बोलले आन खाली बघत उभे राहिले. लग्नाला अकरा वर्सं झाली, त्यांचं एवढं चांगलं वाक्य मी पयल्यांदा ऐकलं.

दुपारच्या आत कुलूप निघालं. तपासनीवाले आले तवा संडास ओला हुता, पोरींनी वापरलेला. ढाल गेली. गुरुजींनी वर्गात इचारलं, कुनामुळं गेली? मी दारातच उभी हुते. म्हनले, गुरुजी, फळ्यावर नाव लिहायचं हुतं ना, माझं लिहा. मनकर्णा. मोठ्या अक्षरात लिहा, मागच्यांना दिसत न्हाई. त्यांनी खडू हातात घेतला आन तसाच ठेवून दिला.

मोनी आता पानी पिती. बाटली रिकामी आनती. नाडी म्हनायचं पोरं अजून पुरतं इसरली न्हाईत, पन ती आता मागं वळून बघती, आन बघितलं का गप बसत्यात.

आता तुमचं. मोनीनं बी एक पुस्तक काढलंय, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, चार पानं. नाव हाय 'आत्याबाईंचा शब्द'. तुमचं नाव तिनं बदललं हाय, दानेश्वरी केलंय. चष्मा मातर तोच, नाक तेच, गळ्यातली लाकडी मन्यांची माळ बी तीच. पयल्या पानावर आत्याबाई बोलती, तोंडातून शब्दच शब्द बाहेर पडत्यात, घरभर सांडल्यात. दुसऱ्या पानावर तिला एक शब्द पायजे असतो, तोच नेमका सापडत न्हाई. तिसऱ्या पानावर ती शोधती, खाटंखाली, फ्रिजमधी, प्रकाशकाच्या खिशात. खाटंखालचं चित्र बघा, नुसते पाय दिसत्यात. चौथं पान तिनं कोरंच ठेवलंय.

मी एवढी हसले का डोळ्याला पदर लावला. ह्यांना दाखवावं म्हनून उठले, डेअरीवर बी न्हेलं असतं, सगळी वस्ती हसली असती. मोनीनं माझ्या हातातनं घेतलं. म्हनली, "आत्याला इचारल्याशिवाय कसं दाखवायचं?"

म्हनून तुमाला पाठवलंय. दाखवायचं का न्हाई, त्ये तिला कळवा.

तुमची वहिनी,
मनकर्णा


पुणे,
२५ सप्टेंबर २०२५

प्रिय मोनिका,

तुझं पुस्तक मिळालं. चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी मला राग आला, ते लपवत नाही. मला वाटलं, नाक जरा जास्तच मोठं काढलंय. मग आरशात बघितलं. बरोबर काढलंयस.

'मनी पाणी पिते' मी लिहिणार नाही. 'मनीची नाडी'च्या पाच हजार प्रती मात्र मला थांबवता आल्या नाहीत. त्या दुकानात जातील आणि पान नऊवरचं दार त्यांत उघडंच असेल. मी उशीर केला. त्यापुढची एकही प्रत तुला विचारल्याशिवाय निघणार नाही, असं मी प्रकाशकांकडून लिहून घेतलं आहे. तो कागद सोबत आहे, तो तुझा आहे, आईच्या ट्रंकेत ठेव.

तुझी आत्या खाटेखाली शब्द शोधते ते खरं आहे. मी तुझ्या आईला चार पत्रं लिहिली. त्यांत कोथरूडच्या बाई आल्या, समुपदेशक बाई आल्या, पंचायत समिती आली, तो शब्द आला नाही. तुला तर मी एकही पत्र लिहिलं नाही. तुझी गोष्ट घेतली, तुझे फोटो दिले, तुझे शब्द कार्यक्रमासाठी मागवले, आणि सगळं तुझ्या आईमार्फत. तिलाही नीट विचारलं नाहीच.

चौथं पान कोरं आहे ना, तिथे तुझ्या अक्षरात लिही:

"मोनिका, माझं चुकलं. मी तुला विचारायला हवं होतं."

मग पुस्तक सगळ्यांना दाखव. आधी पप्पांना दे, ते डेअरीवर वाचून दाखवतीलच. गुरुजींना दे, लंकाबाईंना चित्रं दाखव. अजिनाथकाकांनी सत्काराचं काढलं तर हो म्हण. मी येईन, शाल पांघरून उभी राहीन, आणि लोक हसतील तेवढा वेळ खाली उतरणार नाही.

फक्त एक दुरुस्ती कर. दानेश्वरी खोडून ज्ञानेश्वरी लिही. नाव बदलू नकोस.

तुझी,
आत्या